पाळ फोडायला निघालेला मेल

गावतलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, अख्खं कामठा गाव लोटलं होतं. तलाव काठोकाठ भरलेला, खाली नुकतीच रोवणी झालेल्या धानाच्या बांध्या, आणि दुधराम कुदळीला हळद-कुंकू लावत होता.

"काय रे दुधराम, पाळ फोडतोस?" निवृत्त शिक्षिका कुंदाबाई धापा टाकत आल्या. त्यांच्याही बांध्या खालीच होत्या.

"धन काढून राहिलो जी! मेलवाल्या महाराजानं तीनदा क्रिकेटचा टॉस आधीच सांगतला. तिन्ही खेपा खरा निंगाला! दक्षिणा सकाळीच धाडली."

महाराज कुणी पाहिले नव्हते. त्यांचा मेल मात्र दुधरामच्या मोबाइलवर होता: 'पूर्वजांनी पाण्याकाठी पुरलेला सोन्याचा हंडा मला दिसतो.' पूर्वजांनी तलाव बांधलेल्या गावाला पाण्याकाठ म्हणजे पाळच वाटणार! दिव्य दृष्टीला हंडा दिसला, दुधरामचं नाव तेवढं दिसलं नाही. मेलची सुरुवात होती, 'प्रिय ग्राहक'.

रागावून उपयोग नव्हता. कुंदाबाईंनी कनवटीचं नाणं काढलं.

"आधी मला महाराज होऊ दे. अर्धे इकडे, तुमचा छापा. अर्धे तिकडे, तुमचा काटा. चुकेल त्याने खाली बसायचं."

नाणं उडालं, अर्धं गाव बसलं. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. असं होता होता एकटा शालीकराम उभा राहिला.

"शालीकराम, प्रत्येक टॉस तुला आधी कसा कळला?"

"मले कायचा कळते जी! तुमी जिकडे उभं केलं, तिकडे रायलो!"

पाळ हसली. कुंदाबाई म्हणाल्या, "महाराजही हेच करतो. अर्ध्यांना लिहितो एक संघ टॉस जिंकेल, अर्ध्यांना दुसरा. चुकलेल्यांना पुन्हा मेल नाही. शेवटी उरतो तो भक्त."

दुधराम अडला. "दुसऱ्यायले उलटा मेल गेला, कायवरून?"

"मोबाइल काढा सगळे. स्पॅमचा कप्पा उघडा."

सरकारी नोंदणीसाठी काढलेले ईमेल दुधराम सोडून कुणी कधी पाहिलेच नव्हते. सुमित्राबाई ओरडली, "माझ्यातबी महाराज! पण इथं त टॉस हारलेला संघ लिवला हाये!"

दुधरामने वाचलं. तोच दिवस, तोच 'प्रिय ग्राहक'. कुदळ त्याने खाली टाकली.

"याले शिव्याच लिवून धाडतो!"

"एक अक्षर नको. उत्तर गेलं की त्याला कळतं, हा पत्ता जागा आहे. बाकीच्यांनी स्पॅम म्हणून कळवा. तू मेल पुसू नकोस, तो पुरावा आहे. सायबर पोलिसांना आत्ता फोन लाव."

"लोकं हासतील जी."

"हसू देत. तू लाजून गप्प बसलास, तर उद्या तो दुसऱ्या गावची पाळ फोडेल."

दुधराम सगळ्यांच्या समोर येऊन उभा राहिला. मग फोन लावून खणखणीत आवाजात म्हणाला, "मी दुधराम, कामठ्याचा. फसलो. लिवून घ्या!"

कुणीही हसलं नाही.

खरं ठरलेलं भाकीत गावभर मिरवतं, चुकलेली कचऱ्यात पडून राहतात. म्हणून चमत्कार ऐकला की हात जोडण्याआधी विचारा: चुकलेली भाकितं कुठे आहेत?