पायाखालचा पिवळा डबा

मी एक पेडल बोलतोय. सायकलचं नव्हे, गिटारचं. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक छोटा धातूचा डबा पडलेला असतो. वर तीन गोल खुंट्या आणि मधोमध पायानं दाबायचं एक बटण. लोक वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याची जागा पायाशी, त्यानं तोंडावर येण्याची हौस धरू नये.

माझं काम तसं सोपं आहे. इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज फार किरकोळ. तार छेडली की टिण्ण होतं आणि विझतं. तो आवाज वायरीतून माझ्या पोटात येतो. मी त्याला तापवतो, खरखरीत करतो, जाड करतो आणि लांबवतो. मग स्पीकरमधून तो असा बाहेर पडतो, जणू शाहिरानं बेंबीच्या देठापासून हाळी दिली.

माझा जन्म पुण्याचा. निलम नावाच्या एका बाईंनी स्वतःच्या घरातल्या खोलीत, तारांना कथलाचे बारीक डाग देत देत मला जुळवलं. रंग पिवळाधमक दिला. पहिल्यांदा बटण दाबून त्या म्हणाल्या, "हा गप्प बसणाऱ्यातला नाही." हेच माझं बारसं.

मला विकत घेतलं संतराममामांनी. मामा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. परभणी, हिंगोली, वाशीम, जिथं लग्न असेल, जलसा असेल, तिथं मामा आणि मामांच्या बुटाखाली मी. नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आधी वरातीतली पोरं ओरडायची, "मामा, ते लांबवायचं वाजवा!" ते लांबवायचं म्हणजे मी. खरं सांगतो, छाती फुगायची माझी.

मामांच्या गिटारच्या पेटीत आतल्या बाजूनं जगभरच्या नामांकित वादकांची चित्रं चिकटवलेली होती. सेनगावला बहिणीकडं, जनकाबाईंकडं आले की पेटी उघडायचे आणि भाचीला एकेकाची कहाणी सांगायचे. "हा बघ, डावखुरा. उलटी गिटार धरून वाजवायचा. आन् ह्याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली, तरी गडी हटला न्हाई." भाची म्हणजे करुणा. ऐकताना ती तोंडात घास धरून तशीच बसायची.

मामांनीच तिला शिकवलं. पुढं डॉक्टरांनी मामांना ताकीद दिली, कानाचे पडदे वाचवायचे असतील तर स्टेज सोडा. मामांनी गिटार आणि मला उचललं आणि करुणाच्या पुढ्यात ठेवलं. "पोरी, माझा कान गेला तरी चालंल. याचं तोंड बंद होऊ देऊ नको."

करुणाचा थोरला भाऊ रविंद्र. त्याचं सेनगावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, आणि गळा असा की गॅरेजवर आलेली माणसं काम झालं तरी हलायची नाहीत. त्याची भीमगीतांची पार्टी होती. गाणी तो स्वतः बांधायचा. त्या पार्टीत करुणा गिटार वाजवू लागली. ढोलकी, हार्मोनियम आणि मध्येच माझी गर्जना. पहिल्यांदा ऐकून म्हातारी माणसं दचकली, दुसऱ्यांदा पुढं सरकून बसली. तीन वर्षं आम्ही गाजवली.

आणि मग सोयाबीनच्या हंगामात ते घडलं. मळणीयंत्रात पेंढी सारताना करुणाचा डावा हात ओढला गेला. हात वाचला. पण मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची वरची पेरं गेली. गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

दवाखान्यातून आल्यावर तिनं गिटार गॅरेजमागच्या खोलीत खुंटीला टांगली आणि मला कपाटात कोंबलं. माझ्या पोटातली बॅटरी काढायचं कोणाला सुचणार? ती तशीच पाझरली. माझ्या आत हिरवट गंज चढू लागला. अंधारात पडून मी बाहेरचं ऐकत राहायचो. मामा दोनदा येऊन गेले. पेटीतल्या त्या वादकाची आठवण त्यांनी दिली, तशी करुणा फाडकन बोलली, "मामा, ते चित्रातले लोकं हायत. माझी बोटं दुखून राहिलीत."

रविंद्रनं पार्टीत हिंगोलीचा एक कीबोर्डवाला घेतला. बहिणीला म्हणाला, "तू आता कोरसमधी ऱ्हा. गिटारची तकलीफ कशाला?" ती कोरसमध्येही गेली नाही. गॅरेजवर बसून भावाला पाने-हत्यारं द्यायची, तेवढंच.

वर्षभरानं एका दुपारी गॅरेजला गिऱ्हाईक नव्हतं. कपाटाच्या फटीतून माझ्या कानावर एक आवाज आला. गिटारचा, पण तसा नव्हे. सूर एका जागेवरून सुटून घसरत दुसऱ्या जागी जात होता. गाणारा मींड घेतो तसा. मी अंग चोरून ऐकू लागलो. परत तोच आवाज. मग तिसऱ्यांदा, आणखी वर चढलेला.

झालं होतं असं. नट खोलायच्या पान्याचा एक पोकळ, गुळगुळीत सॉकेट पुसता पुसता करुणानं करंगळीत घातला होता आणि सहज टांगलेल्या गिटारच्या तारेवर टेकवला होता. तार दाबायची गरजच नव्हती. नुसता लोखंडाचा स्पर्श करायचा आणि सरकवायचं. करंगळी शाबूत होती. अंगठा शाबूत होता. उजवा हात तर सगळाच.

पण तो सूर फार लवकर मरत होता. निम्म्या वाटेतच विझायचा. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अगं, मी इथं आहे! त्याला मरू न देणं हेच तर माझं काम!

कपाटाचं दार उघडलं. मला हातात घेऊन तिनं खालचं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. इतक्यात रविंद्र आला. त्यानं तिच्या करंगळीतला सॉकेट बघितला, माझं गंजलेलं पोट बघितलं. जुना ब्रश आणला, गंज खरवडला, बॅटरीच्या नव्या तारा जोडल्या, नवी बॅटरी बसवली, गिटार आणि पार्टीचा स्पीकर मला जोडला. मग बाजूला होऊन म्हणाला, "दाब."

करुणानं बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला. तिनं करंगळी सरकवली आणि सूर निघाला. निघाला तो थांबेचना. गॅरेजच्या पत्र्यावरून घुमला, रस्त्यावर गेला. चुलीपुढून जनकाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "कोण रडून राहिलं गं?"

"रडून न्हाई राहिलं, माय," करुणा म्हणाली. "गाऊन राहिलं."

त्यानंतर सगळा हिवाळा तिनं रियाज केला. हा प्रकार अवघड. सॉकेट केसभर मागंपुढं झाला की सूर बेसूर. करंगळी सुजायची. शेजारचे वैतागायचे. पण एक दिवस तिनं भावानं बांधलेलं, गावोगावी बायांच्या तोंडी असलेलं एक गाणं, लेकीला शाळेत धाडणाऱ्या आईचं, अख्खं वाजवलं. रविंद्र ट्रॅक्टरखाली पडलेला होता, तिथूनच गुणगुणू लागला.

तरी भीमजयंतीच्या कार्यक्रमाची गोष्ट निघाली तेव्हा तो कचरला. हिंगोलीचं मैदान, हजारोंची गर्दी.

"लोकं तुझ्या बोटांकडं बघतील, करुणा."

"बघू दे. कान बी हायत न्हवं त्यांना?"

"आन् चुकलं तर?"

"तू काहून भितो, दादा? चुकले तर मी चुकंन. एक गाणं दे मला. एकच."

त्यानं दिलं.

जयंतीच्या संध्याकाळी मैदान निळं झालं होतं. साउंडवाल्यानं मला पायानं सरकवलं. "दीदी, ये डब्बा हटाओ. गिटार डायरेक्ट लगा देता हूँ."

"भैया, हा डबा हटला तर मी बी हटले," करुणा म्हणाली आणि स्वतः वाकून वायर माझ्यात खोचली.

आमची पाळी आली. कीबोर्डवाला थांबला. करुणा एकटीच पुढं आली, पांढरी साडी, करंगळीत ते काळपट लोखंड. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तिनं माझ्यावर पाय ठेवला. पहिला सूर उतरलेला पडला. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

ती थांबली नाही. तोच उतरलेला सूर तिनं हळूहळू वर ओढला, ओढत ओढत बरोबर जागेवर नेऊन बसवला आणि धरून ठेवला. मी माझी सगळी ताकद त्यात ओतली. हसणारा गप्प. कुजबुज गप्प. मग तिनं ते आईचं गाणं सुरू केलं.

ठरलं होतं असं, की चार ओळी गिटार आणि पुढं रविंद्र. त्यानं माईक तोंडाशी नेला, पण त्याच्याआधी समोर बसलेल्या बायांनी शब्द उचलले. "माय माझी दारात उभी, पाटी दे म्हणते हाती..." एक रांग, दुसरी रांग, मग सगळं मैदान. रविंद्रनं माईक खाली घेतला आणि नुसता टाळ्या देत उभा राहिला. त्याचे गाल ओले झालेले मी खालून बघितले. कडेला संतराममामा कानात कापसाचे बोळे घालून बसले होते. ते त्यांनी काढून फेकून दिले.

गाणं संपलं तरी मैदान गातच होतं. "पुन्हा! पुन्हा!" तीन वेळा वाजवावं लागलं. खाली उतरल्यावर बाया करुणाचा तो डावा हात हातात घेत होत्या आणि सरळ बघत होत्या. तिनं तो लपवला नाही. साउंडवाला माझी वायर गुंडाळायला आला आणि मला दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवून गेला.

आज आमच्या पार्टीच्या पोस्टरवर गिटारसमोर तिचं नाव मोठ्या अक्षरात असतं. गेल्या महिन्यात नांदेडला वाजवून आलो, पुढचं वाशीम ठरलंय. माझा पिवळा रंग पार झिजलाय, एक खुंटी तुटून तिथं मोटारसायकलचा नट बसवलाय. पण मी ठणठणीत आहे.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर एखादं वाद्य गुमान पडलं असेल तर त्याला खाली काढा. आणि एखादं माणूस तसं बसलं असेल, तर त्याला "आता नको" म्हणू नका. त्याला एक गाणं द्या. बाकीचं ते बघून घेईल.

आता बोलणं पुरे. स्टेजवर ढोलकीचा ठेका चढायला लागला आहे, आणि माझ्यावर पाय ठेवायला करुणानं चप्पल काढून ठेवली आहे.