काडी वाहते तिथलं पाणी

अन्हारच्या आईला घरघर लागली होती. जीव जायच्या आत वाहत्या नदीच्या पाण्याने न्हाऊन पांढरा झगा अंगावर चढला नाही, तर मंदाई धर्माच्या माणसाचा आत्मा परलोकाच्या वाटेतच अडकतो. आणि उन्हाळ्याने नदीची नुसती डबकी केलेली!

"नळाचं आण गं. आईला काय कळतंय?" तिचा मोठा भाऊ झहरून याने म्हटलं.

"तिला नाही कळलं, तरी तिच्या जिवाला कळेल, दादा!"

अन्हार गुडघाभर चिखलात शिरली. डबक्या-डबक्यात गवताची काडी टाकून बघे. काडी जागची हलेना. शेवटी मधल्या बारीक धारेत काडी सुटली, ती गेलीच. घागर भरून अन्हार घराकडे धावत सुटली.

आईने डोळे किलकिले केले. "वाहतं होतं का गं?"

"हातातली काडी ओढून नेली, आई!"

ते पाणी अंगावरून ओतून झालं, तसे आईने झग्यासाठी हात पुढे केले.