अध्यक्षांवरची फिर्याद

आमच्या झारेची गावात सियोनप्रेमी मंडळ होतं आणि त्याचा अध्यक्ष होता माझा नवरा, हाझकेल. बारा वर्षं अध्यक्ष! दर शब्बाथला, शनिवारी दुपारी सतरा माणसं आमच्या घरी जमायची आणि हा उभा राहून सांगायचा, की यहुद्यांनो उठा, बाडबिस्तरा बांधा, बापजाद्यांच्या देशात जाऊन नांगर धरा. भाषण फर्मास करायचा. ऐकून सतराही जण घरी जाऊन झोपायचे.

उठली ती एकटी आमची लेक, गेनेंडल. तिला बिचारीला ते खरंच वाटलं. नवऱ्याबरोबर तिकडे पवित्र भूमीत, गालीलातल्या एका वसाहतीत गेली. पहिलं मूल तापात गेलं. दुसऱ्या खेपेला पत्र आलं, "आई, चौथा महिना आहे. सुईण एक दिवसाच्या वाटेवर, तीही घोडा मिळाला तर. तू ये."

मी म्हटलं, "अहो, निघू या."

"अगं, मंडळाचं कोण बघणार?"

"सतरा जण आहेत की. एकमेकांकडे बघतील."

"हिवाळा तरी सरू दे."

"पोरीचं पोट थांबणारे का हिवाळा सरेपर्यंत?"

झारच्या राज्यात नवऱ्याच्या सहीशिवाय बाईला पासपोर्ट मिळत नाही. म्हटलं, सही द्या, मी एकटी जाते. तर म्हणे, अध्यक्षांची बायको एकटी गेली तर लोक काय म्हणतील! अस्सा संताप आला मला.

माझे वडील धर्मशास्त्र मोठ्यानं वाचायचे आणि मी भांडी घासता घासता ऐकायचे. त्यात आहे : नवरा-बायकोपैकी एकाला पवित्र भूमीत जायचं असेल आणि दुसरा नाही म्हणत असेल, तर न जाणाऱ्यानं जाणाऱ्याला सोडचिठ्ठी देऊन मोकळं करावं. मी तडक गावचे धर्मगुरू रब्बी झुसमान यांच्याकडे गेले आणि नवऱ्यावर फिर्याद केली.

रब्बींना ते मंडळ डोळ्यांसमोर नको असायचं. तारणहार मसीहा यायच्या आधी निघणारे तुम्ही कोण, असं म्हणायचे. माझं ऐकून त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला.

"ब्रायने, दुसरं काहीही माग."

"शास्त्रात आहे की नाही?"

"आहे."

"मग बोलवा त्यांना."

खरं सांगते, मला सोडचिठ्ठी नको होती. मला तो शेजारी हवा होता, गाडीत, बोटीत, लेकीच्या दारात. चारचौघांत विचारलं की लाजेकाजेनं निघेल, एवढाच माझा हिशेब.

रब्बींनी त्याला बोलावून चारचौघांसमोर विचारलं, "हाझकेल, जातोस?"

आपल्या बुटांकडे बघत तो म्हणाला, "मला समुद्राची भीती वाटते."

बारा वर्षांत हे एक वाक्य त्याच्या कुठल्याही भाषणात आलं नव्हतं.

"आणि नांगर मी अजून हातात धरलेला नाही, रब्बी. तिथे मला कोण विचारणार? तुम्ही सोडचिठ्ठी लिहा."

आणि मग रब्बी झुसमान, ज्यांनी जन्मभर सियोनप्रेमींना शिव्या घातल्या, ते अर्धा तास त्याला विनवत बसले. "अरे गाढवा, जा की! बायको चाललीय, लेक तिथे आहे, डोळे मिटून बोटीत बस!" तो नाही म्हणजे नाहीच. शेवटी रब्बींनी लेखनिकाला बोलावलं. सोडचिठ्ठी हाझकेलनं माझ्या ओंजळीत टाकली.

निघाले त्या दिवशी अख्खं मंडळ गाडीपाशी हजर. आपल्या गावातून दुसऱ्यांदा कुणी देशाला निघालं म्हटल्यावर निरोप समारंभ नको का? गाडीवान घाई करत होता, तरी अध्यक्ष बोललेच. नांगर झाला, बापजादे झाले, मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या या भगिनीपासून सर्वांनी धडा घ्यावा."

भगिनी! तेवीस वर्षं त्याच्या घरात राबले, चार बाळंतपणं काढली, तीन पोरं पुरली. सतराही जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, रडत रडत, कारण भाषण खरंच चांगलं झालं होतं.