हातमोज्यांचा फरक

कारखान्याच्या हिशेबनिसाने तीन वर्षं डूख धरला होता. ॲसिडच्या टाक्यांवरचा फोरमन भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, "हा नुसता खुर्चीत बसून आकडे उबवतो." मालक हसले, आणि याची बढती तिथेच अडकली. तेव्हापासून याला एकच ध्यास, या माणसाला पाणी पाजायचं!

आणि या महिन्यात तो तावडीत सापडला. टाक्यांवर हातमोज्यांच्या ठरलेल्या दोनशे जोड्यांऐवजी तीनशे दहा लागल्या होत्या. जादा खर्च चार हजार चारशे. ऑफिसचा नियम साधा होता, बजेटपेक्षा दहा हजारांहून जास्त फरक पडला तरच चौकशी. याने नियम बाजूला ठेवला आणि चवीचवीने अहवाल लिहिला, की चोरीचा संशय आहे, फोरमनला कामावरून काढावं. मग तो सहीसाठी मुख्य हिशेब अधिकारी बाईंकडे गेला.

बाईंनी पेन उचललंच नाही. "खरं सांग, एवढे चार हजार तुझ्या डोळ्यांत कसे खुपले? आणि खरेदी विभागाने अख्ख्या कारखान्याच्या वर्षभराच्या हातमोज्यांवर ऐंशी हजार वाचवले, ते नाही दिसले?"

"ती तर बचत आहे, मॅडम."

"बजेट चुकलंच ना? मग ते का चुकलं, हे कोण विचारणार? जा, टाक्यांवर जाऊन विचारून ये."

गडी खुशीत निघाला. फोरमनचा उतरलेला चेहरा बघायचा होता ना!

फोरमनने वाद घातला नाही. एक कोरा हातमोजा पुढे केला. याने हात घातला आणि शिवण टरकन उसवली. शेजारी एक कामगार ॲसिडने भाजलेल्या बोटांना पट्ट्या बांधून उभा होता. फोरमनने सांगितलं, की हा स्वस्त माल एक पाळीसुद्धा टिकत नाही, म्हणून ज्याची जोडी फाटेल त्याला तो लगेच दुसरी देतो. खरेदी विभागाला तीन तक्रारी केल्या, उत्तर नाही. "आता लिहा काय लिहायचं ते," म्हणाला आणि कामाला लागला.

हिशेबनिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या महिन्यात त्या ऐंशी हजारांपुढे 'उत्तम बचत' असा शेरा त्यानेच मारला होता! त्याने अहवाल फाडला आणि नवा लिहिला, ऐंशी हजारांवर. आठवड्यात जुने, जाड हातमोजे परत आले. फोरमनने आभार मानले नाहीत, आणि याचाही राग पुरता गेलेला नाही.

मंडळी, आपल्या घरात, कचेरीत आपणही असंच करतो. नावडत्या माणसाची बारीक चूक भिंगातून बघतो आणि फायद्याच्या मोठ्या आकड्याला कारणही विचारत नाही. चौकशी कशाची करायची हे आकड्याच्या वजनावर आणि त्याच्या परिणामावर ठरवा, मनातल्या रागावर नको. त्या कामगाराची दोन बोटं आजही वळत नाहीत. हिशेबनिसाने महिनाभर आधी एक प्रश्न विचारला असता, तर ती वळली असती.