बांधावरची झडप

मी झडप बोलतेय. खाडी आणि पाणथळ यांच्यामधल्या बांधात बसवलेली, जाड लाकडाची, वरून बिजागऱ्यांवर लोंबणारी. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. भरती आली की आत झुलायचं, ओहोटी लागली की बाहेर. सुताराने मला बसवतानाच बजावलं होतं, "हिला डांबर नाही फासलंत तरी चालेल, पण अडवू नका."

माझ्यातून पाणी आत जायचं, पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं, आणि त्यांच्या मागावर पक्षी. थंडीत तर चिखल दिसायचा नाही, इतके! बांधावरून जाणारी माणसं मात्र नाक दाबायची. ताटातली कोळंबी हवी, ती वाढते तो चिखल नको. याला काय म्हणायचं?

आठ दिवसांपूर्वी माझ्या राखणदाराने मला लोखंडी खिट्टा ठोकला. त्याच्या थोरल्या भावाने सांगितलं होतं, "सरकारी पाहणी होईपर्यंत बंद ठेव. कोरडं दिसलं की पडीक लिहितील, मग भराव टाकता येईल." भाऊ मोठा, म्हणून याने मान डोलावली.

आठ दिवस भरती माझ्या पाठीवर धडका देतेय आणि मी जागची हलत नाही. आत चिखलाला भेगा पडल्या.

आज सकाळी राखणदाराची मुलगी तरातरा बांधावर आली. तिच्या हातात हातोडी होती, मागून बाप.

"बाबा, खिट्टा काढा. पाणी आणखी चढलं की दोघांनाही निघायचा नाही."

"थोरल्यांचा शब्द आहे, पोरी."

"मग काकांना सांगा, भरतीलाही शब्द द्या म्हणावं, परवा ये!"

"फार बोलतेस."

"आठ दिवस गप्प होते. बघा काय झालं."

त्याने पाहिलं. एक शेकाट्या भेगेत चोच खुपसत होता. लांब तांबड्या पायांनी पुढे जायचा, पुन्हा खुपसायचा. चोच दरवेळी रिकामी.

"हे मी केलं?" बापाने विचारलं.

"काकांनी केलं. तुम्ही फक्त ऐकलंत."

त्याने हातोडी हिसकावून घेतली. खिट्टा घट्ट बसला होता. चार घाव घातले, मग दोघांनी मिळून ओढला. मी इतक्या जोरात उघडले की दोघंही कमरेपर्यंत भिजली.

आत्ता आत घोटाभर पाणी आहे. पाहणी उद्या दुपारी बाराला आणि भरतीही तेव्हाच. त्याआधी सकाळच्या ओहोटीला काका मला बंद करायला येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी म्हणते, ती पहाटेपासून माझ्या डोक्यावर, बांधाच्या कडेला बसून राहणार. बाप जाताना म्हणाला, "मला हाक मार. नाहीतर झोपून राहीन."

पण दोघं पुरायची नाहीत. पाणथळ वाचवा, असं लांबून म्हणू नका. सकाळी सहाच्या आत या. बांध रुंद आहे, बसायला जागा आहे.