सोफेवाल्यांनी धुतलेला फिल्टर

सोफेवाल्यांना मळका फोम बघवत नसे. उभा जन्म लोकांच्या बैठका मऊ करण्यात गेलेला. कुणाकडे गेले की आधी गादी दाबून बघत, मग घरच्यांची खुशाली विचारत. स्वतःच्या घरात एक पांढराशुभ्र सोफा होता, पण त्यावर चादर अंथरल्याशिवाय पाहुण्यांना टेकायची सोय नव्हती. बायको म्हणे, हा सोफा आहे की देव्हारा!

अशा माणसाच्या घरात सून आली ती धूळ खाणारी. काटेरी चाकांची उंच मोटरसायकल घेऊन ती सुट्टीच्या दिवशी टेकड्या पालथ्या घालायची. सोफेवाल्यांनी याला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मागच्या शर्यतीत मात्र गाडी ऐन मोठ्या चढावर खोकत खोकत बंद पडली. जुना फिल्टर विरून गेला होता आणि त्याच्या भोकांतून धूळ थेट इंजिनात. सून गाडी ढकलत अंगणात आली तेव्हा तिचा एवढासा झालेला चेहरा बघून सोफेवाले धीर द्यायला पुढे झाले. पण तोंडातून निघालं काय, तर "जेवून घे." ते त्यांचं त्यांनाच फार दिवस लागून राहिलं होतं.

आज पुन्हा शर्यत होती, तोच चढ होता. सुनेने नवा फिल्टर आणला होता. फिल्टर म्हणजे तरी काय, टोपीएवढा फोम. सीटखालच्या डब्यात बसतो आणि इंजिनाला हवा गाळून देतो. आदल्या संध्याकाळी ती सासूला सांगत होती की फिल्टर स्वच्छ असला की गाडी चढणारच. सोफेवाले पेपर वाचायचं सोंग करून ऐकत होते. फोम! म्हणजे अखेर या गाडीत त्यांच्या अखत्यारीतलं काहीतरी निघालं होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते मागच्या पडवीत गेले. फिल्टर खुंटीला टांगलेला होता. हात लावून बघतात तो निळा, चिकट, बोटांना सुटेना. नवीकोरी वस्तू आणि ही दशा! सोफेवाल्यांना त्या दुकानदाराचा रागच आला. त्यांनी बाह्या सरसावल्या, रॉकेलमध्ये फिल्टर बुचकळला, मग साबणाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात. पिळला मात्र नाही, फोम पिळणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. हलक्या हाताने दाबत दाबत त्यांनी त्याचा मूळचा पिवळसर रंग उघडा पाडला आणि सून उठल्यावर कौतुकाची वाट बघत दारातच उभे राहिले.

सुनेने फिल्टर हातात घेऊन बोटांनी चाचपला.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तो चिकटपणा मुद्दाम होता. ते मीच काल लावलेलं तेल होतं. धूळ त्यालाच चिकटते."

सोफेवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर एका शब्दाने मदत केली नाही, आणि केली ती ही अशी. सुनेने सांगितलं की तेल शिल्लक आहे, पण ओल्या फोमला ते लागत नाही, आणि तासाभरात निघायचंय. तिचा आवाज रडवेला झाला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"वाळवायचं माझ्यावर सोड," ते म्हणाले.

त्यांनी फिल्टर दोन जाड टॉवेलांत गुंडाळला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर स्वतः बसले. टॉवेल बदलायचा, पुन्हा बसायचं. मध्ये पंख्याखाली धरायचा, पुन्हा बसायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या बसण्याची काळजी वाहिली, आज पहिल्यांदा बसणं हेच काम झालं होतं. ते इतक्या गंभीर चेहऱ्याने बसले होते की सुनेला आधी हसू दाबता येईना आणि मग दाबावंसंही वाटेना. बायको तर पदर तोंडाला लावून आत पळाली. सोफेवाले हलले नाहीत.

फिल्टर खडखडीत वाळला. मग सुनेने तेलाची बाटली त्यांच्याच हातात दिली. कोपरान् कोपरा निळा झाला पाहिजे, कुठे पिवळसर ठिपका राहता कामा नये, असं तिने सांगितलं. सोफेवाल्यांनी फोम असा मळला की निळाई सगळीकडे एकसारखी मुरली. काठाला ग्रीस लावून फिल्टर डब्यात बसवला आणि चहूबाजूंनी बोट फिरवलं. कुठे फट नव्हती. सुनेने स्वतः एकदा बोट फिरवून बघितलं आणि मान डोलावली.

"मीही येतो," सोफेवाले म्हणाले. हे त्यांनी आजवर कधीच म्हटलं नव्हतं.

ते त्या चढापाशीच जाऊन उभे राहिले, निळे हात पाठीमागे बांधून. धुळीच्या लोटातून गाड्या येत होत्या. सुनेची गाडी चढाला लागली तसा त्यांनी श्वास धरला. मागच्या खेपेला जिथे बंद पडली होती ती जागा आली. गाडी खोकली नाही, अडखळली नाही, आवाज एकसारखा चढत गेला आणि माथ्यावरून ती पलीकडे दिसेनाशी झाली. सोफेवाल्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली आणि त्याच्या सदऱ्यावर दोन निळे पंजे उमटवले. सून कितवी आली हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर सुनेने सीट काढून फिल्टर बाहेर काढला. बाहेरून तो मातीने थापलेला होता. तिने तो उलटून दाखवला, तर आतली बाजू सकाळी होती तशी निळीशार. धुळीचा कणही आत गेला नव्हता. ती हसत म्हणाली, "बाबा, आता धुवायचा बरं का. आता खरंच मळलाय."

सोफेवाल्यांनी फिल्टर दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "उद्या धुतो," ते म्हणाले. "आज असाच राहू दे." आणि आत जाऊन त्यांनी तो पांढऱ्या सोफ्यावर मधोमध ठेवला, चादर न अंथरता.

"अहो, डाग पडेल!" बायको ओरडली.

"पडू दे," सोफेवाले म्हणाले.