लेझरखोलीचं दार

“दाजी, दार उघडा! नाहीतर तोडतो!”

दारावर पहारीचा दणका बसला तसं दाजींनी यंत्र बंद केलं. लेझरने धातूची भुकटी वितळवून समोरच्या पोलादी दांड्यावर नुकताच थर चढवला होता. असा थर बसला की दांडा खाऱ्या पाण्यातही गंजत नाही. त्याचा लालपणा विझला होता, धग नव्हती विझली.

बाहेर होता त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. दोघांनी उमेदीची वर्षं क्रोमचा मुलामा चढवायच्या हौदांवर, आम्लाच्या वाफा गिळत काढली होती. तो दाजी म्हणे, म्हणून अख्खा कारखानाच दाजी म्हणू लागला. “मेहुणे एवढे, बायको मात्र एकच,” असं दाजी हसत म्हणायचे. मग लेझर आलं. दाजी ते शिकले, मेहुणा हौदांवरच राहिला आणि आज सकाळी हौदांना टाळं लागलं.

बिजागऱ्या उखडल्या. हौदांवरच्या कामगारांचा घोळका आत घुसला. कुणी दाजींच्या पोटात लाथ घातली, कुणी त्यांचा चष्मा पायाखाली चिरडला.

“त्यांना सोडा, यंत्र फोडा!” मेहुणा पहार उगारून धावला.

“दादा, हे फोडून हौद चालू होणार आहेत का?”

“तुझं काय जातंय रे? तुझी चूल पेटतेय!”

पहिल्या घावात काचा उडाल्या. दुसरा बसायच्या आत दाजींनी त्याला खांद्याने जोरात ढकललं. तोल सावरायला मेहुण्याने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

किंकाळीने घोळका थिजला. दाजींनी त्याच्या कमरेला मिठी घालून मागे ओढलं. तळव्यांची कातडी दांड्यावरच राहिली. पळापळ झाली. त्याला उचलायला दाजींखेरीज कुणी उरलं नाही.

मेहुणा घरी एकटाच असे. दवाखान्यातून आल्यावर त्याला भरवायला बहीण रोज जायची. एकदा ती तापाने पडली, म्हणून डबा घेऊन दाजी गेले. बँडेजमधले हात मांडीवर ठेवून तो भिंतीकडे बघत बसला होता.

“दांडा तापलेला होता. तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“तरी ढकललंत.”

“ढकललं, दादा.”

दाजींनी घास पुढे केला. मेहुण्याने मान फिरवली. दाजींचा हात तसाच राहिला, दंड भरून आला.

शेवटी मेहुण्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.